पेटीशी जुळलेली तबकडी

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमची वेग दुरुस्त केलेली तबकडी मागवली. परभणीत यायला नऊ दिवस लागले, कव्हरचा कोपराही दुमडलेला. पण सुई टेकली आणि सगळं विसरले.

माझी जुनी कॅसेट पेटीशी कधी जुळलीच नाही. भजनात वीस वर्षं पेटी धरते, तरी वाटायचं, आपलाच कान चुकतोय. कारण वेगळंच होतं. २ मार्च १९५९ ला न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत (ती जागा आधी चर्च होती) ध्वनिमुद्रण करताना टेपयंत्र जरा हळू फिरलं, आणि ती टेप पुढे नेहमीच्या वेगाने वाजवली गेली. त्यामुळे पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना चढ्या सुरात वाजत राहिल्या, थेट १९९२ च्या दुरुस्तीपर्यंत!

आता त्यातल्या पहिल्या रचनेला, 'सो व्हॉट'ला, पांढरी दोनचा सा धरला, तर काफी थाट चपखल बसला. मध्येच सगळं अर्धा सूर वर, काळी दोनवर सरकतं, तेव्हा अंगावर काटा येतो. पॉल चेंबर्सचा बास तर खर्जाच्या रियाजासारखा घुमतो.

दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती आधीपासूनच सुरात होती. घेताना आवृत्ती मात्र नीट बघून घ्या.