मी तेलेफेरिको, ला पाझ: चालायची मनाई असलेला पहिला दिवस

एसटीत ३१ वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा साताऱ्यात वाहतूक नियंत्रक म्हणून. त्यामुळे कुठल्याही गावात उतरलो की माझी नजर आधी स्टँडवर जाते. मुलगी चिलीत, सांतियागोला नोकरीला आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्याकडे राहायला गेलो होतो, तेव्हा मी आणि सौ. चार दिवसांसाठी बोलिव्हियातल्या ला पाझला जाऊन आलो. तिथल्या 'मी तेलेफेरिको' या केबल कारबद्दल सविस्तर लिहायचं मी तिथेच ठरवलं होतं.

आधी उंचीचं सांगतो, कारण पहिला दिवस तीच ठरवते. विमानतळ वरच्या एल आल्तो शहरात, ४,०६१ मीटरवर आहे. ला पाझ त्याखालच्या खोलगट दरीत, साधारण ३,६४० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवले तरी शहर वरच राहतं. लेहसुद्धा याच्याहून थोडं खालीच. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश. विमानतळावर बॅग उचलून टॅक्सीपर्यंत गेलो तर छातीत धडधड सुरू झाली.

आमच्या डॉक्टरांनी निघतानाच बजावलं होतं, पहिल्या दिवशी दमायचं नाही. आणि ज्या एजंटाकडून बुकिंग केलं त्याने त्याच दुपारी तीन तासांची पायी सहल लावून ठेवली होती! ती रद्द केली, पैसे काही परत मिळाले नाहीत. लेहला जाणारा माणूस पहिला दिवस आराम करतो, हे आपल्याकडे शाळकरी मुलांनाही माहीत असतं. ज्याला ते माहीत नाही त्याने असल्या शहरांच्या सहली विकूच नयेत.

आमचं गेस्ट हाउस सोपोकाची भागात होतं. सकाळी त्यांनी कोकाच्या पानांचा चहा दिला, उंचीच्या त्रासावर तिकडे तो घेतात. डोळ्यांदेखत खळखळ उकळलेलं पाणी कपात ओतलं, सौ.ने लगेच घोट घेतला आणि म्हणाली, "अहो, उकळतंय पण तेवढं भाजत नाही." इतक्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. तिला आमच्या कुकरची आठवण झाली. इथे डाळ कुकरशिवाय शिजायचीच नाही, असं ती दिवसभर म्हणत होती.

दुपारी बाराला पिवळ्या लाइनच्या सोपोकाची स्टेशनवर गेलो. स्पॅनिशमध्ये 'मी' म्हणजे 'माझा', तर 'मी तेलेफेरिको' म्हणजे 'माझा रोपवे'. लोक तो खरोखरच आपला मानतात असं मला दिसलं. प्रत्येक स्टेशनला स्पॅनिश आणि आयमारा (तिथल्या मूळ रहिवाशांची भाषा) अशी दोन नावं आहेत. ऑस्ट्रियाच्या डोपेलमायर कंपनीने बांधलेली पहिली लाल लाइन मे २०१४ मध्ये सुरू झाली, त्याच वर्षी पिवळी आणि हिरवी. आता दहा लाइन आहेत, तीस किलोमीटरहून जास्त. आपल्याकडे रायगडचा रोपवे सगळ्यांना माहीत आहे, पण तो गडावर जायला. इथे माणसं डबा घेऊन कामावर जातात.

आता माझ्या धंद्यातला हिशेब. एका केबिनमध्ये दहा माणसं, समोरासमोर पाच-पाच. दर १२ सेकंदांना एक केबिन. मिनिटाला पाच, म्हणजे एका दिशेने तासाला ३,००० प्रवासी. ४४ आसनांच्या आपल्या लाल गाडीने तेवढे न्यायचे तर तासाला ६९ गाड्या सोडाव्या लागतील, मिनिटाला एकाहून जास्त, तेही एकाच रस्त्यावर. घड्याळ हातात धरून मी पंधरा केबिन मोजल्या. अंतर चुकलं नाही. "पुढची गाडी किती वाजता?" हा प्रश्न खिडकीवर मी हजारो वेळा ऐकला आहे. इथे तो विचारायची वेळच कुणावर येत नाही.

केबिन स्टेशनात पूर्ण थांबत नाही, वेगाच्या दोरापासून सुटून अगदी हळू सरकते. सौ.चे गुडघे दुखतात, ती बिचकली. फलाटावरच्या मुलीने ते लांबूनच पाहिलं, हात वर केला, केबिन आणखी हळू झाली आणि तिने सौ.चा कोपर धरून आत बसवलं. मागे रांग होती, कुणी चकार शब्द काढला नाही. वाहकांच्या प्रशिक्षणात मी हेच सांगत आलो, चढणाऱ्याच्या पायाकडे बघा.

आत येणारा प्रत्येकजण "बुएनास तार्देस" (शुभ दुपार) म्हणतो आणि बसलेले सगळे उत्तर देतात. आमच्यासमोर एक आजी होत्या. गोल टोपी, पोलेरा म्हणतात तो घेरदार परकर, पाठीवर आग्वायो नावाच्या रंगीत पट्ट्यांच्या कापडात बांधलेलं ओझं. सौ. कपाळ दाबत होती ते बघून त्यांनी हिरवी पिशवी उघडली, पाच-सहा कोकाची पानं निवडली, देठ काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि स्वतःच्या गालावर बोट टेकवून दाखवलं, चावून गिळायची नाहीत, गालात धरायची. कडवट चव, जरा वेळाने जिभेला बधिरपणा. सौ.ने हात जोडले, तर आजींनीही तसेच जोडले.

पहिल्या दिवशी वर एल आल्तोकडे जाऊ नका, खाली जा. लिबेर्तादोर स्टेशनवर हिरवी लाइन पकडली आणि इर्पावीपर्यंत उतरलो. तिथे सोपोकाचीपेक्षा दोन-तीनशे मीटर तरी कमी उंची, हवाही उबदार. सौ.चं डोकं तासाभरात हलकं झालं. वाटेत पायाखाली सगळं शहर येतं: गिलावा नसलेल्या लाल विटांची घरं, गच्चीवर वाळत घातलेल्या गोधड्या, दोरीला बांधलेला कुत्रा, दरीच्या टोकावर फुटबॉलचं मैदान. जसजसं खाली जाल तसतशी घरं श्रीमंत होतात. गरीब वस्ती वर, थंडीत आणि विरळ हवेत. त्या वस्तीतल्या बाईला आता कामावर पोचायला घाटातल्या मिनीबसमध्ये अडकून पडावं लागत नाही, हे मला या सेवेचं सगळ्यात मोठं काम वाटतं.

भाडं तेव्हा एका लाइनला ३ बोलिव्हियानो, साधारण ३५ रुपये. लाइन बदलायची तर आणखी २, पण तिकीट घेतानाच पूर्ण प्रवास सांगायचा. दोघांचा जाऊन-येऊन खर्च २० बोलिव्हियानो. विद्यार्थी, ज्येष्ठ आणि अपंगांना सवलत आहे. पावसाळी दिवसांत वीज-वारा असेल तर सेवा थांबवतात, ते योग्यच आहे, पण विमान गाठायचं असेल तर वेळ हाताशी ठेवा. गालात धरलेली पानं तिथे कायदेशीर आहेत, भारतात नाहीत. बॅगेत एकही राहू देऊ नका.

माझ्याकडून पाचपैकी पाच.

परतताना संध्याकाळ झाली. इल्यिमानी शिखरावरचं बर्फ, ६,४३८ मीटर, आधी केशरी आणि मग करडं झालं, आणि चारी उतारांवर दिवे लागत गेले. सोपोकाची आलं तेव्हा सौ. म्हणाली, "अजून एकदा खाली जाऊन येऊ या का?" मी पुन्हा तिकीटखिडकीकडे गेलो.