यूके पार्लमेंटचं संकेतस्थळ: परिभाषा शिकायची तर शब्दकोशात नको, विधेयकाच्या पानावर शिका

ब्रिटिश राज्यपद्धतीचे शब्द समजून घ्यायचे म्हणून पार्लमेंट डॉट यूके उघडणारे बहुतेक जण आधी तिथला शब्दकोश उघडतात. हे संकेतस्थळ वापरण्याचा सगळ्यात कमी फायद्याचा मार्ग तोच आहे. शब्दकोशात चुका नाहीत. पण नोंदी चार-सहा ओळींच्या, अकारविल्हे लावलेल्या, आणि ब्रिटनची राज्यघटना काही एका पुस्तकात बांधलेली नाही. तिथं शब्दाचा अर्थ वापरातून ठरतो, आणि तो वापर याच संकेतस्थळाच्या इतर कोपऱ्यांत पडलेला आहे. सगळं फुकट आहे आणि वाचायला खातंही उघडावं लागत नाही. राज्यशास्त्राचे विद्यार्थी, स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे, परदेशी बातम्या मराठीत आणणारे पत्रकार आणि ब्रिटनमध्ये राहणारी मराठी मंडळी या चौघांनाही याचा उपयोग आहे. मात्र कुठून आत शिरायचं ते माहीत हवं.

‘व्हिप’ हा शब्द घ्या. शब्दकोश सांगतो की पक्षाचं सभागृहातलं काम जुळवणारा सदस्य म्हणजे व्हिप, आणि तो दर आठवड्याला पाठवतो त्या पत्रकालाही व्हिपच म्हणतात. पत्रकात महत्त्वाच्या मतदानाखाली तीन रेघा मारलेल्या असतात, म्हणून ‘थ्री-लाइन व्हिप’. इथवर बरोबर. आपण याला प्रतोद आणि पक्षादेश असे दोन वेगळे शब्द वापरतो, ते खरं तर जास्त सोयीचं आहे. घोटाळा पुढे होतो. आपल्याकडे 1985 पासून दहाव्या परिशिष्टामुळे पक्षादेश मोडला की आमदारकी-खासदारकी जाऊ शकते; प्रतोद कोणाचा खरा यावरून महाराष्ट्रात केवढं रामायण झालं ते ताजंच आहे. ब्रिटनमध्ये पक्षांतरबंदी कायदाच नाही. तिथं ‘व्हिप काढून घेतला’ याचा अर्थ संसदीय पक्षातून बाहेर काढलं, एवढाच. जागा शाबूत राहते. 3 सप्टेंबर 2019 ला हुजूर पक्षानं आपल्या 21 खासदारांचा व्हिप काढला, जुलै 2024 मध्ये मजूर पक्षानं 7 जणांचा. दोन्ही वेळा हे लोक दुसऱ्या दिवशीही खासदारच होते. शब्दकोशाची नोंद इंग्रज वाचकासाठी लिहिलेली असल्यामुळे हा फरक तिथं सापडत नाही, आणि भारतीय वाचक नेमका इथंच घसरतो.

दुसरी घसरण ‘प्रोरोगेशन’वर. अधिवेशनाचं सत्र संपवणं म्हणजे प्रोरोगेशन, सत्रसमाप्ती. कामकाज काही काळ थांबवणं म्हणजे तहकुबी. आणि निवडणुकीसाठी संसद मोडणं म्हणजे विसर्जन. मराठी बातमीत तिन्हींना ‘संसद स्थगित’ म्हटलं की अर्थ हरवतो. सत्रसमाप्ती झाली की ब्रिटनमध्ये अपुरी विधेयकं मरतात, पुढच्या सत्रात नेण्याचा ठराव आधी केला असेल तरच वाचतात. आपल्या घटनेच्या कलम 107(3) प्रमाणे सत्रसमाप्तीनं विधेयक रद्द होत नाही. पाठ करताना दोन्हीकडे एकच नियम धरला तर उत्तर चुकलंच म्हणून समजा. 2019 च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनमध्ये झालेली सत्रसमाप्ती 24 तारखेला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 11 न्यायाधीशांनी एकमतानं मुळातच निरर्थक ठरवली. दुसऱ्या दिवशी कॉमन्सच्या, म्हणजे निवडून आलेल्या कनिष्ठ सभागृहाच्या, अध्यक्षांनी सभागृहाला सांगितलं की सत्रसमाप्तीची नोंद इतिवृत्तातून काढून त्या जागी सभागृह तहकूब झाल्याची नोंद होईल. 25 सप्टेंबर 2019 चं हॅन्सार्ड, म्हणजे संसदेतल्या भाषणांचा अधिकृत वृत्तांत, उघडून सुरुवातीची पानं वाचली की तहकुबी आणि सत्रसमाप्ती यांतला भेद कायमचा डोक्यात बसतो.

या संकेतस्थळाचा उत्तम भाग म्हणजे बिल्स डॉट पार्लमेंट डॉट यूके. प्रत्येक विधेयकाला स्वतःचं पान आहे. वर टप्प्यांची रांग: पहिलं वाचन, दुसरं वाचन, समिती, रिपोर्ट, तिसरं वाचन, मग हेच पाच टप्पे दुसऱ्या सभागृहात, मग दुरुस्त्यांचा विचार आणि शेवटी राजसंमती. टप्प्यावर क्लिक केलं की त्या दिवशीची चर्चा आणि कागदपत्रं मिळतात. प्रकाशनांच्या भागात विधेयकाच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर स्पष्टीकरणात्मक टिपणं असतात. कायद्याची भाषा जड वाटली तर ती आधी वाचा. कॉमन्स लायब्ररीची टिपणंही बहुधा तिथंच जोडलेली असतात, आणि निःपक्षपाती, सोप्या इंग्रजीत लिहिलेलं त्याहून चांगलं साहित्य या विषयावर फुकट मिळणं कठीण आहे.

सरावासाठी रवांडा विधेयक घ्यावं, कारण परिभाषेतले निम्मे शब्द त्या एका पानावर भेटतात. आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवण्याची योजना सर्वोच्च न्यायालयानं 15 नोव्हेंबर 2023 ला बेकायदा ठरवली, म्हणून सरकारनं 7 डिसेंबरला हे विधेयक मांडलं. पहिलं वाचन म्हणजे फक्त नाव वाचणं. त्यावर चर्चा नसते, हे पान बघताच कळतं. दुसरं वाचन 12 डिसेंबरला, तत्त्वावरची चर्चा आणि मतविभाजन: बाजूनं 313, विरोधात 269. तिसरं वाचन 17 जानेवारी 2024 ला 320 विरुद्ध 276 नं. लॉर्ड्सनी, म्हणजे वरिष्ठ सभागृहानं, त्यात 10 दुरुस्त्या केल्या, कॉमन्सनं 18 मार्चला दहाही फेटाळल्या, आणि मग सुरू झालं ते ‘पिंग-पाँग’. विधेयक या सभागृहातून त्या सभागृहात, प्रत्येक फेरीला कारणांचा किंवा पर्यायी दुरुस्तीचा कागद सोबत. हे कागद क्रमानं वाचले की पिंग-पाँगची व्याख्या लागत नाही. 22 एप्रिलच्या रात्री लॉर्ड्सनी माघार घेतली, 25 एप्रिलला राजसंमती मिळाली.

लॉर्ड्स एवढे का अडले, हे मात्र पान सांगत नाही. त्यासाठी ‘सॅलिसबरी संकेत’ माहीत असावा लागतो: सत्ताधारी पक्षाच्या जाहीरनाम्यातलं विधेयक लॉर्ड्स दुसऱ्या वाचनाला पाडत नाहीत. 1945 पासूनची ही रीत, कायदा नव्हे. रवांडा योजना 2022 ची, त्यामुळे 2019 च्या जाहीरनाम्यात ती असणं शक्यच नव्हतं. आणि शेवटी लॉर्ड्स का नमले, याच्या मागे उभे आहेत 1911 आणि 1949 चे पार्लमेंट ॲक्ट, ज्यांनी त्यांच्या हातात नकाराधिकाराऐवजी जवळपास वर्षभर खोळंबा करण्याचा अधिकार ठेवला. निवडून न आलेल्या सभागृहानं किती ताणायचं, याचं भानही त्यात आलं. संकेत आणि कायदा यांचा असा गुंता विधेयकाच्या पानावरूनच शब्दकोशाला जोडलेला असता तर हे संकेतस्थळ किती पटींनी उपयोगी झालं असतं!

आता मतांच्या पानाकडे. कॉमन्स व्होट्सवर प्रत्येक मतविभाजनाची नाववार यादी असते, पक्षाप्रमाणे लावता येते, डाउनलोडही होते. पण खाली ‘मत नोंदलेलं नाही’ असा एक गठ्ठा असतो, आणि त्यावरून निष्कर्ष काढताना नेहमी चूक होते. वरचंच दुसरं वाचन पाहा. 313 आणि 269 मिळून 582. मोजणी करणारे चार टेलर, प्रत्येक बाजूचे दोन. त्यांची मतं बेरजेत धरत नाहीत. 650 मधून वजा केले की उरले 64. त्यात अध्यक्ष आणि तीन उपाध्यक्ष मत देत नाहीत, शिन फेन या आयरिश पक्षाचे तेव्हाचे 7 खासदार आपली जागा घेतच नाहीत. राहिले 53. यात हुजूर पक्षातले जाणूनबुजून तटस्थ राहिलेले आहेत, आजारी आहेत, परदेशी गेलेले आहेत, आणि ‘पेअरिंग’ केलेलेही आहेत, म्हणजे विरोधी पक्षातल्या एकाशी ‘तूही मत देऊ नको, मीही देत नाही’ असं ठरवलेले. यादी यांतला कोण कुठला हे सांगत नाही, कारण कॉमन्समध्ये तटस्थतेची अधिकृत नोंदच नाही. त्यामुळे ‘अमक्यानं बंड केलं’ असं केवळ या यादीवरून लिहू नये. पेअरिंग हा तर प्रतोदांमधला शब्दाचा व्यवहार. जुलै 2018 मध्ये विरोधी खासदार ज्यो स्विन्सन बाळंतपणाच्या रजेवर असताना त्यांच्याशी पेअर ठरलेल्या हुजूर पक्षाच्या ब्रँडन लुईस यांनी मत दिलं, तेव्हा अधिकृत नोंदीत काहीच बिघडलेलं दिसलं नाही. जानेवारी 2019 पासून अशा रजेसाठी प्रतिनिधीमार्फत मत देता येतं, आणि ते मात्र यादीत तसं दाखवलेलं असतं. लॉर्ड्सची मतं पाहताना लक्षात ठेवा: तिथं हो-नाही नसून ‘कन्टेन्ट’ आणि ‘नॉट कन्टेन्ट’ असतं.

स्टॅच्युटरी इन्स्ट्रुमेंट, म्हणजे कायद्यानं दिलेल्या अधिकारातून मंत्री काढतात ते नियम, यांचं वेगळं पान आहे. ते रूक्ष आहे, पण एकदा जरूर बघावं. ‘नकारात्मक’ पद्धतीचे नियम 40 दिवसांत कोणत्याही सभागृहानं रद्द केले नाहीत तर टिकतात, आणि कॉमन्सनं असं शेवटचं केलं ते 1979 मध्ये. सरकारचा खरा कारभार कुठल्या वाटेनं चालतो, ते यावरून कळावं.

अर्स्किन मे हा संसदीय प्रथांचा प्रमाणग्रंथ, पहिली आवृत्ती 1844 ची, 2019 पासून 25वी आवृत्ती संकेतस्थळावर फुकट खुली आहे. शोधपेटी चांगली चालते, पण नवशिक्यानं तिथं थेट उडी घेऊ नये; खासदारांसाठीची कार्यपद्धतीची मार्गदर्शिका आधी वाचावी, तिची भाषा फार स्वच्छ आहे. आपल्याकडे या ग्रंथाचं वजन का, तर संसदेचे आणि विधानसभांचे विशेषाधिकार ठरवताना आपल्या घटनेची कलमं 105(3) आणि 194(3) मुळात थेट हाउस ऑफ कॉमन्सकडे बोट दाखवत होती. 1978 च्या 44व्या घटनादुरुस्तीनं तो उल्लेख काढला.

मोठी उणीव एकच, पण ती लक्षात घ्यायलाच हवी. हे संसदेचं संकेतस्थळ आहे, सरकारचं नाही. सामूहिक जबाबदारी, विशेष सल्लागार, पर्मनंट सेक्रेटरी (खात्याचा सर्वोच्च सनदी अधिकारी), मंत्र्यांची आचारसंहिता हे सगळं गव्ह डॉट यूकेवर, तिथल्या 2011 च्या कॅबिनेट मॅन्युअलमध्ये शोधावं. ‘पर्दा’ हा शब्दही त्याच गटातला: निवडणुकीआधीच्या काळात सरकारी खात्यांनी नव्या घोषणा टाळायच्या, त्या काळाला ब्रिटिश नोकरशाही आपल्याकडून नेलेल्या याच शब्दानं ओळखायची, आता कागदोपत्री ‘निवडणूकपूर्व काळ’ म्हणतात. आपल्या आचारसंहितेसारखा त्याच्यामागे निवडणूक आयोग उभा नसतो, मंत्रालयीन सूचनांवर तो चालतो.

ब्रिटनमध्ये कामाच्या व्हिसावर असलेल्या मराठी वाचकांनी याचिकांचं पान वेगळं जपून ठेवावं. सही करायला नागरिकत्व लागत नाही, तिथला रहिवास पुरतो. आपली याचिका मांडायची तर आधी पाच पाठीराखे लागतात, मग ती नियमांवर तपासली जाते. आधीच सुरू असलेल्या याचिकेची नक्कल किंवा सरकार-संसदेच्या अखत्यारीबाहेरची मागणी असेल तर तिथंच अडते, म्हणून आधी शोधून बघा. 10,000 सह्यांना सरकारचं लेखी उत्तर, 1,00,000 ला चर्चेसाठी विचार. ‘विचार’ हा शब्द महत्त्वाचा, हमी नाही. चर्चा होते तीही बहुधा सोमवारी दुपारी साडेचारला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, आणि तिच्या अखेरीस कायदा बदलणारं मतदान नसतं. 2019 मध्ये कलम 50 (युरोपीय संघातून बाहेर पडण्याची सूचना) मागे घ्या म्हणणाऱ्या याचिकेवर 61 लाखांच्या वर सह्या झाल्या, ब्रेक्झिट तरी झालंच. कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची अट दहावर नेऊ नका, या याचिकेवर 8 सप्टेंबर 2025 ला तिथं चर्चा झाली. मंत्र्याचं उत्तर हॅन्सार्डमध्ये शब्दशः वाचता येतं, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सारांशापेक्षा तेच वाचावं. आणखी एक: कायदेशीररीत्या राहणारे भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे म्हणून संसदेच्या निवडणुकीत मतही देऊ शकतात, फक्त मतदार नोंदणी करावी लागते.

थेट प्रक्षेपण पार्लमेंट लाइव्ह टीव्हीवर असतं. पंतप्रधानांचा प्रश्नोत्तराचा तास बुधवारी दुपारी बाराला, म्हणजे भारतात उन्हाळ्यात साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. पाहताना शेजारी हॅन्सार्ड उघडून उपयोग नाही, मजकूर साधारण तीन तासांनी येतो. जुनं हॅन्सार्ड शोधताना नावापेक्षा तारखेवरून गेलेलं बरं. 28 मार्च 1979 टाका, कॅलाहन सरकारवरचा अविश्वास ठराव 311 विरुद्ध 310 नं मंजूर झालेला पूर्ण वाचायला मिळेल. आणि 1892 ते 1895 एवढीच मुदत ठेवून ‘नौरोजी’ शोधा: फिन्सबरी सेंट्रलचे खासदार दादाभाई भारताच्या खर्चाबद्दल मंत्र्यांना काय विचारत होते, ते त्यांच्याच वाक्यांत समोर येतं.