लग्नाचा आर्टिफिशियल बुके: कापडी, रिअल टच, फोम की भेंड?

वसईत आणि गोव्यात चर्चमध्ये लग्न लागतं तेव्हा नवरीच्या हातात बुके हवाच, आणि हल्ली तो बर्‍याचदा आर्टिफिशियल फुलांचा असतो. ईस्टरनंतरची लग्नं ऐन एप्रिल-मेच्या उकाड्यात येतात. खर्‍या गुलाबांचा बुके सकाळी देखणा दिसतो, पण दुपारच्या फोटोंपर्यंत पाकळ्यांच्या कडा काळवंडतात आणि संध्याकाळी हॉलवर पोचेपर्यंत फुलं माना टाकतात. आर्टिफिशियल बुके महिनाभर आधी घेता येतो, गाऊनशी रंग जुळवून बघता येतो आणि काही बिनसलं तर दुरुस्त करायला वेळ मिळतो.

आमचा कौल आधीच सांगतो. चांगल्या कापडी फुलांचा, तारा एकत्र बांधून केलेला, 22 ते 25 सेंटीमीटर व्यासाचा गोल बुके घ्यावा. दुकानदार सर्वात आधी पुढे करतात तो ‘रिअल टच’, म्हणजे हाताला खर्‍या फुलासारखा लागणारा प्रकार, आपल्या हवेत उन्हाळ्याच्या लग्नाला घेऊ नये. त्याची कारणं पुढे येतीलच.

‘सिल्क’ म्हणून विकतात ती फुलं रेशमाची नसतात, पॉलिस्टरच्या कापडाची असतात. कापड साच्याने कापतात, कडक करतात आणि तापलेल्या साच्यात दाबून पाकळीला गोलाई देतात. स्वस्त आणि चांगल्या मालातला फरक कडेला कळतो. पाकळीची कड नखाने पाच-सहा वेळा घासा. धागे सुटले तर ते फूल घेऊ नका, कारण लग्नापर्यंत त्या कडेला दाढीसारखे तंतू निघतील आणि जवळच्या फोटोत तेच आधी दिसतील. मग फूल उलटं करून बुडाची हिरवी वाटी बघा. तिच्यावर साच्याची उभी रेघ वर आलेली असेल, पोपटी प्लास्टिक चमकत असेल, तर बाकीच्या फुलावरही तेवढीच मेहनत घेतलेली असते. शेवटी देठ एका हातात धरून फूल हलकेच वर ओढा. पाकळ्यांचे थर देठावर नुसते ओवलेले असतात. बोंड सुटून हातात आलं तर माल टाकाऊ आहे असं नाही, पण प्रत्येक फुलाखाली गोंदाचा एक थेंब लावावा लागेल, हे धरून चाला. चर्चच्या पायर्‍यांवर गुलाबाचं डोकं गळून पडण्यापेक्षा ते बरं.

कापडी फुलाचा सर्वात मोठा गुण म्हणजे ते दुरुस्त होतं. खोक्यात दबून पाकळ्या चपट्या झाल्या असतील तर 20-30 सेंटीमीटरवरून दहा-पंधरा सेकंद वाफ द्या आणि गरम असतानाच बोटांनी गोलाई द्या. इस्त्री मात्र टेकवू नका, पॉलिस्टर वितळून चकाकतं. सुटलेले धागे छोट्या कात्रीने कापता येतात.

रिअल टच म्हणजे लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा थर दिलेली फुलं. बोटाला गार, किंचित ओलसर लागतात, आणि ट्युलिप, कॅला लिली, ऑर्किड अशा जाड पाकळीच्या फुलांत तर हा प्रकार फार सुरेख दिसतो. इतका की दुकानात पाकळीला हात लावला की निर्णय तिथेच होतो, आणि नेमकी चूकही तिथेच होते. लग्नात त्या पाकळीला हात कोण लावणार? पाहुणे बुके दोन-तीन मीटरवरून बघतात आणि उरलेलं सगळं कॅमेर्‍यात जातं. उलट हा थर उष्णतेने मऊ होऊन चिकट होतो. एकमेकींना टेकलेल्या पाकळ्या चिकटतात, ओढून सोडवायला गेलं की थराचा पापुद्रा निघतो. गडद फुलाचा रंग शेजारच्या पांढर्‍या फुलावर उतरू शकतो. पांढरा लॅटेक्स कालांतराने पिवळा पडतो, त्यामुळे दुकानात दोन वर्षं पडून असलेला माल नव्या मालाशेजारी धरला की लगेच ओळखू येतो. वाफेची दुरुस्ती इथे चालत नाही. लग्न डिसेंबर-जानेवारीत असेल, हॉलला एसी असेल आणि बुके ऑर्किडचाच हवा असेल, तर जरूर घ्या. मेमध्ये नको.

फोमचे गुलाब सर्वात स्वस्त. खोक्यात पन्नास बोंडं आणि तारा वेगवेगळ्या येतात, बुके आपण बांधायचा. चमक अजिबात नसल्याने फोटोत ते किमतीच्या मानाने फारच चांगले दिसतात. अडचण अशी की फोम एकदा दुमडला की घडी जात नाही आणि नख लागलं की चीर पडते. ग्लू गनचा गोंद फार गरम असेल तर पाकळी आक्रसते, तेव्हा कमी तापमानाची गन वापरावी. ब्राइड्समेडच्या छोट्या बुकेंना, फ्लॉवर गर्लच्या टोपलीला आणि गाडीच्या सजावटीला फोम पुरेसा आहे. नवरीच्या हातात मात्र कापडीच शोभतो, कारण फोमच्या सगळ्या गुलाबांचा आकार हुबेहूब एक असतो आणि ते सारखेपण डोळ्यांत भरतं.

चौथा प्रकार भेंडाचा. परदेशी वेबसाइटवर ‘सोला वूड’ म्हणून झळकणारी फुलं म्हणजे आपलं भेंडच. पाणथळीत वाढणार्‍या झाडाच्या खोडातल्या ज्या पांढर्‍या, हलक्या गरापासून बाशिंगं होत आली आणि बंगालमध्ये नवरदेवाचा टोपोर, म्हणजे लग्नातला मुकुट, आजही होतो, तोच हा गर. त्याची कागदासारखी पातळ पट्टी काढून, ती गुंडाळून गुलाब करतात. हस्तिदंती रंग, अंगचं मऊ तेज, वजन जवळपास नाहीच. शिवाय हे फूल प्लास्टिक नाही, आणि आमच्या दृष्टीने ही मोठी जमेची बाजू आहे. पण ते ठिसूळ असतं. पाकळ्या मऊ राहाव्यात म्हणून चार भाग पाण्यात एक भाग ग्लिसरीन मिसळून हलका फवारा देतात, मात्र पावसाळ्यात तो देऊ नये. ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं आणि भेंडाला बुरशी धरते. गोव्यात जून ते सप्टेंबर भेंडाचा बुके घरात ठेवणंच कठीण. हिवाळ्यातल्या लग्नाला आणि हस्तिदंती गाऊनला मात्र याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

आता बांधणीकडे वळू, कारण बहुतेक बुके फुलांमुळे नाही तर बांधणीमुळे फसतात. तयार बुके दोन प्रकारे केलेले असतात. एकात प्लास्टिकच्या मुठीवर थर्माकोलचा गोळा असतो आणि फुलांची बोंडं त्याला ग्लू गनने चिकटवलेली असतात. दुसर्‍यात प्रत्येक फुलाची तार खाली मुठीपर्यंत येते आणि सगळ्या तारा एकत्र आवळलेल्या असतात. पहिला स्वस्त आणि अगदी गोलगरगरीत दिसतो, पण बंद गाडीत उन्हात राहिला की गोंद मऊ होतो आणि फुलं एकेक करून सुटतात. दुसरा थोडा महाग आणि थोडा जड, पण त्याचं काही बिघडत नाही, आणि एखादं फूल वरखाली करायचं तर नुसती तार वाकवली की झालं. कुठला प्रकार आहे ते ओळखायला बुके उलटा करा. फुलांखाली लेस किंवा जाळीची गोल कॉलर घट्ट चिकटवलेली असेल तर ती उचलून बघू द्यायला सांगा. बघू देत नसतील तर तो बुके घेऊ नका.

22 सेंटीमीटरच्या गोल बुकेला सहा-सात सेंटीमीटरचे 16 ते 18 गुलाब, जिप्सोसारख्या बारीक फुलांच्या सहा-आठ काड्या आणि आठ-दहा पानं लागतात. गुलाब सगळे एकाच मापाचे नकोत. चार-पाच अर्धवट उमललेले आणि दोन-तीन कळ्या घातल्या की कृत्रिमपणा निम्म्याने कमी होतो. मूठ 13 ते 15 सेंटीमीटर लांब आणि तीन-साडेतीन सेंटीमीटर जाड असावी, त्याहून जाड मूठ लहान हातात मावत नाही. आधी फ्लोरल टेप गुंडाळायची. ही टेप मेण लावलेल्या कागदाची असते, ताणल्याशिवाय चिकटत नाही, त्यामुळे सैल गुंडाळलेली टेप दोन तासांत उलगडते. तारांची कापलेली टोकं आत वळवून टेपखाली घ्यायची. वरून एक इंची सॅटिन रिबन, सुमारे दीड ते दोन मीटर. मोत्याच्या टाचण्या आडव्या खुपसल्या तर त्या पलीकडून बाहेर येऊन तळव्याला टोचतात. त्या तिरक्या, टोक वरच्या दिशेला ठेवून आत सारायच्या.

पूर्ण बुके 400 ते 600 ग्रॅमचा असावा. एक किलोच्या पुढचा बुके तासाभरात मनगट दुखवतो, नवरीचे खांदे उचलले जातात आणि बुके हळूहळू छातीवर येऊन गाऊनचं सगळं काम झाकतो. तो बेंबीच्या उंचीवर धरायचा असतो. उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर 20-22 सेंटीमीटर पुरे. लांब ओघळणारा कॅस्केड उंच नवरीला आणि साध्या गाऊनला खुलतो, घेरदार गाऊनवर तो हरवून जातो.

रंग निवडायला गाऊनच्या कापडाचा तुकडा बरोबर न्यावाच. गाऊन हस्तिदंती आणि फुलं पांढरीशुभ्र असतील तर गाऊन मळका दिसतो. दुकानाच्या एलईडीखाली हे कळत नाही, बाहेर रस्त्यावर येऊन उजेडात धरा. मग फोनचा फ्लॅश चालू करून एक मीटरवरून आणि दोन मीटरवरून फोटो काढा. पानं चमकली तर ती प्लास्टिकची आहेत. फुलं ठेवून पानं बदलून मागा, कापडी किंवा निलगिरीसारखी धुरकट, बिनचमकीची पानं घ्या. रिसेप्शनला डीजे असेल तर आणखी एक गोष्ट बघावी लागते. पांढर्‍या पॉलिस्टरमध्ये शुभ्रता वाढवणारं द्रव्य असतं, ते जांभळ्या अतिनील दिव्याखाली निळसर पेटतं. हस्तिदंती किंवा फिक्या गुलाबी फुलांत हा त्रास बराच कमी असतो.

एक चाचणी मात्र कुणीही चुकवू नये. कापसाचा बोळा पाण्यात भिजवून पिळा आणि मरून किंवा गडद लाल पाकळीच्या मागच्या बाजूला दहा सेकंद घासा. रिबनवरही घासा. बोळा जरा जरी गुलाबी झाला तर तो बुके पांढर्‍या गाऊनजवळ जाता कामा नये. उकाड्यात तळव्याला घाम येतो, आणि रिबनचा रंग आधी तळव्याला व तिथून गाऊनला लागतो. तो डाग ड्रायक्लीनिंगनेही निघेलच असं नाही.

सुगंध हवा म्हणून फुलांवर अत्तर शिंपडू नका, तेलाचे डाग पडतात. अत्तराचा कापूस तारांच्या मधोमध, टेप गुंडाळण्यापूर्वी ठेवावा. दमट हवेत साध्या लोखंडी तारा गंजतात आणि पांढर्‍या टेपमधून तपकिरी डाग वर येतो. म्हणून प्लास्टिकचं आवरण असलेल्या तारा मागा आणि बुके खोक्यात ओलावा शोषणार्‍या सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्यांसह ठेवा. डांबरगोळ्या नकोत. त्यांचा वास जात नाही आणि थर्माकोलला त्या खातात.

ऑनलाइन मागवताना ‘30 सेमी’ हे माप बहुधा मुठीसह उंचीचं असतं, व्यास वेगळा विचारा. फुलांच्या संख्येत कळ्या आणि बारीक फुलंही मोजलेली असतात. खरेदीदारांनी टाकलेले फोटो बघा आणि पार्सल लग्नाच्या निदान तीन आठवडे आधी येईल असं बघा, कारण दबलेली फुलं खुलायला दोन-तीन दिवस जातातच. प्रत्यक्ष बघून घ्यायला मुंबईत क्रॉफर्ड मार्केटचा परिसर आणि पुण्यात रविवार पेठेतली बोहरी आळी सोयीची. तिथे सुटी फुलं घेऊन, डेकोरेटरकडून समोर बसून बांधून घेतलेला बुके तयार बुकेपेक्षा जवळजवळ नेहमीच चांगला होतो.

पाहुण्यांत फेकायचा बुके वेगळा करा. 15 सेंटीमीटरचा, 200 ग्रॅमच्या आतला, फोमचा, एकही टाचणी नसलेला आणि तारांची टोकं पूर्ण झाकलेली. मारियामातेच्या पायाशी फुलं वाहायची असतील तर तेवढी मात्र खरी घ्या. फूलउत्पादक प्लास्टिक फुलांवर बंदी मागत आले आहेत, त्यांचं म्हणणं रास्त आहे, आणि तळेगाव-मावळच्या पॉलिहाउसमधले पाच-सहा गुलाब त्या जागी शोभतात. ते वेगळ्या कागदात न्यावेत, आर्टिफिशियल बुकेत खोचू नयेत, कारण देठातून गळणारं पाणी थेट गाऊनवर उतरतं.