ओल घालवण्याच्या नावाखाली गेलेले अठ्ठेचाळीस हजार

किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर वडिलांनी औसा तालुक्यात विटांचे घर बांधले. त्याच्या मागच्या खोलीला तीन पावसाळ्यांपासून ओल येत होती. भिंतीला कमरेएवढ्या उंचीपर्यंत लोणा लागला होता आणि त्या खोलीत आईचा दमा बळावत असे. गेल्या उन्हाळ्यात ओळखीतून आलेल्या एका गुत्तेदाराने दोन टोकदार सुया असलेले यंत्र काढले, त्या सुया नेमक्या पांढऱ्या क्षारांवर टेकवल्या आणि लाल दिवा लागताच म्हणाला, "ताई, भिंत आतून पूर्ण भिजली आहे." असले यंत्र सुयांमधून वीज किती सहज वाहते एवढेच मोजते, आणि ओलसर क्षारांतूनही वीज वाहत असल्याने तिथे आकडा फुगलेलाच येतो, हे मला फार उशिरा कळले.

त्याने आतून सिमेंटचा गिलावा केला, वॉटरप्रूफ रंगाचे तीन हात दिले आणि "दमट हवा आत यायला नको" म्हणून छताखालचे दोन्ही झरोके विटांनी बुजवले. साध्या कागदावर दहा वर्षांची गॅरंटी लिहून दिली आणि 48,000 रुपये रोख घेतले.

श्रावणात रंगाखाली तळहाताएवढे फुगे आले. एक फुगा नखाने फोडला, तर पाण्याचा ओघळ आला आणि मागे मिठासारखी पूड राहिली. आतून वाळण्याची वाट बंद झाल्यामुळे विटांनी शोषलेले पाणी आता खांद्यापर्यंत चढले होते. थंडीत त्यात भर पडली. 25 अंशांची हवा घनमीटरमागे सुमारे 23 ग्रॅम वाफ धरू शकते, 15 अंशांची जेमतेम 13. झरोके नसल्याने कोंडलेली स्वयंपाकाची वाफ कपाटामागच्या गार कोपऱ्यात पाणी होऊन बसली आणि तिथे काळी बुरशी धरली. गुत्तेदार तोपर्यंत फोन उचलेनासा झाला होता.

शेवटी बोलावलेले गावातले वयस्कर मिस्त्री भिंत न पाहता थेट परसात गेले. आम्हीच चार वर्षांपूर्वी केलेला कोबा जोत्यापेक्षा वीतभर उंच झाला होता. जमिनीतले पाणी वर चढू न देणारा डीपीसीचा थर त्याखाली गाडला गेला होता आणि गच्चीचा पाइपही तिथेच सुटत होता. त्यांनी भिंतीलगतचा कोबा दीड फूट रुंदीने फोडून माती जोत्याच्या खाली नेली, पाइप नालीपर्यंत वाढवला, झरोके उघडले आणि सिमेंट काढून चुन्याचा गिलावा केला. खर्च 11,000 रुपये.

माझी कळकळीची विनंती आहे की, इसार देण्याआधी हातभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी साचले तर ओल भिंतीतून येते, खोलीकडच्या बाजूला साचले तर हवेतून. आणि जो माणूस घराच्या बाहेरून एक फेरी न मारताच रंगाचा भाव सांगतो, त्याला काम देऊ नका.

आमच्या भिंतीला अजून रंग दिलेला नाही. हा उन्हाळा तिला नुसते वाळू द्या, असे मिस्त्रींनी बजावले आहे.