१७ की १८? जीआर ८६ च्या ट्रॅकच्या चाकांबद्दल

टोयोटाची जीआर ८६ किंवा तिची जुळी बहीण सुबारू बीआरझेड घेऊन दोन-तीन ट्रॅक डे (रेस ट्रॅकवर स्वतःची गाडी पळवायचे दिवस) झाले की २१५ मिलिमीटर रुंदीचा मूळ टायर तोकडा पडायला लागतो आणि प्रत्येक जण एकाच फाट्यावर येऊन उभा राहतो. १७ × ९ रिमवर (१७ इंच व्यास, ९ इंच रुंदी) २४५/४० टायर (रुंदी २४५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ४० टक्के) घालायचा, की १८ × ९.५ वर २६५/३५? चारही चाकांना एकच माप ठेवायचं हे धरून चालतो. मी दोन्ही सेट वापरले. आधी १८, मग १७.

१८ आधी का? खरं सांगायचं तर दिसायला. मडगार्डच्या कमानीत ते चाक असं काही भरून बसतं की गाडी उभ्या उभ्या वेगवान वाटते. शिवाय एकदा घ्यायचंच तर रुंदच घ्यावं, असाही विचार होता. आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. लांब वळणातून बाहेर पडताना जिथे मी आधी वाट बघायचो, तिथे आता खुशाल ॲक्सिलरेटर दाबता येत होता. पहिल्या दिवशी घरी जाताना मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

१८ विरुद्ध एक मुद्दा नेहमी काढला जातो, की साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) पातळ म्हणून कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, रिमला मार बसतो. माझ्या मते यात फार दम नाही. आकडे मांडून बघा: २४५/४० ची साइडवॉल ९८ मिलिमीटर, २६५/३५ ची साधारण ९३. फरक पाचेक मिलिमीटरचा. कंपनीच्या २१५/४० आर १८ ची तर ८६ च आहे. तेव्हा १८ नको म्हणायचंच असेल तर निदान या कारणासाठी नको म्हणू नका.

टायरच्या एकूण व्यासाचं मात्र तसं नाही. २६५/३५ आर १८ चा व्यास ६४३ मिलिमीटरच्या आसपास जातो, २४५/४० आर १७ चा ६२८. म्हणजे १८ वर प्रत्येक गिअर सव्वादोन-अडीच टक्क्यांनी लांबतो, ओढ तेवढी कमी होते. कागदावर किरकोळ वाटतं. पण २.४ लिटरचं, टर्बो नसलेलं इंजिन वळणातून उठताना आधीच तोलूनमापून ताकद देतं. माझ्या एका वळणाला १८ वर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी किंचित रेंगाळायची, १७ वर त्याच जागी लगेच उचलते. स्टॉपवॉच लावून हे सिद्ध केलेलं नाही, टायरही एकाच वयाचे नव्हते. पाठीला जे जाणवलं ते सांगतोय.

गरम होण्याचंही थोडं तसंच. गाडीचं वजन तेराशे किलोच्या आत, त्यात थंड सकाळ असली की २६५ जागा व्हायलाच दोन लॅप घ्यायचा. २४५ पहिल्या लॅपच्या शेवटी तयार असतो. उलट बाजू प्रामाणिकपणे सांगायची तर सेशन वीस मिनिटांच्या पुढे गेलं की २४५ आधी दमतो, पुढचं टोक बाहेर सरकायला लागतं, आणि एखादा लॅप सबुरीनं काढावा लागतो.

इथवर सगळं उन्नीस-बीस. माझा निर्णय झाला तो एका आवाजामुळे.

नेहमीच्या ट्रॅकवर एक डावं वळण आहे. उतारानं खाली यायचं, तळाशी गाडी दबते आणि नेमकं तेव्हाच स्टिअरिंग वळलेलं असतं. तिथे पुढच्या उजव्या चाकातून आवाज यायचा, खर्रर्र. पिटमध्ये येऊन बघितलं तर आतल्या प्लास्टिक लायनरवर टायरनं घासून चकचकीत पट्टा पाडलेला.

आता यामागची कथा ऐका, कारण १८ घेणारे बरेच जण याच वाटेनं जातात. माझी रिम +४५ ऑफसेटची होती (हा आकडा मिलिमीटरमध्ये, जितका मोठा तितकं चाक गाडीच्या आत बसतं). त्यामुळे ती आतल्या बाजूला शॉकला जवळजवळ टेकत होती, म्हणून हब आणि रिमच्या मध्ये ५ मिलिमीटरची चकती, म्हणजे स्पेसर घातला. या गाडीच्या स्टडचा (ज्यावर चाकाचे नट आवळतात तो बोल्ट) पेच १.२५ मिलिमीटरचा, म्हणजे ५ मिलिमीटरमध्ये नटचे चार आटे गेले. म्हणून लांब स्टड घातले. ५६.१ मिलिमीटरच्या ज्या हबवर रिम बसते त्याचा ओठही स्पेसरनं खाल्ला, म्हणून त्याचा बंदोबस्त. चाक बाहेर आलं म्हणून मडगार्डची कड आत दुमडून घेतली. तरी खर्रर्र आहेच. मग कॅम्बर (चाकाच्या माथ्याचा आतला कल) आणखी वाढवला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हा.

कुणी म्हणेल, दोष १८ चा नाही, तुझ्या ऑफसेटचा. अर्धं खरं आहे. +४० ची रिम घेतली असती तर स्पेसर, स्टड, हब हे सगळं टळलं असतं. पण +४५ ला ५ चा स्पेसर लावला की चाक +४० च्याच जागी येतं. म्हणजे टायर तिथेच, लायनर तिथेच, आवाजही तोच. गाडी मी जरा जास्त खाली उतरवली होती हेही मान्य.

आवाजाची सवय झाली असती एक वेळ. पण काही दिवसांनी लक्षात आलं की त्या वळणाला मी आधीच पाय सैल सोडतोय, गाडी फार दबू नये म्हणून! ग्रिपसाठी टायर घेतला आणि आता ती ग्रिप वापरायचीच धास्ती. कान टायरकडे आणि डोळे वळणाकडे, अशी गाडी चालवण्यात काय मजा?

१७ × ९, +४२ चा सेट आला. १८ च्या त्या जागेपेक्षा रिम बाहेरून साधारण ८ आणि आतून ४ मिलिमीटर कमी, वर टायरची त्रिज्याही सात-आठ मिलिमीटरनं कमी. स्पेसर नाही, काही नाही. नट १२० न्यूटन-मीटरला आवळले, पहिल्या सेशननंतर पुन्हा एकदा तपासले, संपलं. त्या डाव्या वळणाला पहिल्यांदा पूर्ण पाय दाबून गेलो तेव्हा काहीच ऐकू आलं नाही. चार चाकं उचलून गाडीत घालताना कंबरही कमी बोलते, हे जाता जाता.

तरी १८ कुणी घ्यावं? सुपरचार्जर किंवा टर्बो बसवला असेल तर घ्या, तिथे २४५ अपुरा पडेल आणि लांबलेल्या गिअरचं दुःखही उरणार नाही. मोठे ब्रेक असतील तरी १८ कडेच बघा. ब्रेंबोवाल्या गाड्या कंपनीही १८ वरच देते. १७ च्या काही रिम मोठ्या ब्रेक कॅलिपरवरून जातात, पण ते स्पोकच्या वळणावर अवलंबून, कागदी टेम्प्लेट लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि यातलं काहीच नसताना केवळ मनात भरलंय म्हणून १८ घेणार असाल तर २६५ चा हट्ट सोडून २५५/३५ घ्या. व्यास ६३६ वर येतो, तेवढ्यानं पुष्कळ भांडणं मिटतात. मी त्या वेळी हे केलं असतं तर कदाचित हा लेख वेगळा झाला असता.

जुन्याच रिमवर रुंद टायर चढवायचा विचार असेल तर २४५/४० ला किमान ८ इंची रिम लागते. मूळ साडेसातवर तो बसवता येतो म्हणणारे भेटतील, नका ऐकू.

आणि घेण्याआधी ओळखीतल्या कुणाचं तरी त्या मापाचं एक चाक एका दुपारीपुरतं मागून आणा. पुढची स्प्रिंग काढा, शॉक पुन्हा बसवा, चाक लावा आणि जॅकनं बंपस्टॉपला (शॉकची हालचाल थांबवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत वर घ्या. मग स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवा. हात आत घालून लायनर, शॉक आणि मडगार्डची कड चाचपडा. कुठे बोट जात नसेल तर ट्रॅकवर तिथेच घासणार. मी हे केलं, पण १८ विकायला काढल्यानंतर.