एफएक्स-३९ टू: धार हवी असेल तर दाणा चालवून घ्या

फोटोग्राफीवर लिहिणारे पत्रकार पुष्कळ, पण त्यांच्यापैकी एखाद्याच्या सूत्राची बाटली दुकानात मिळावी हे विरळाच. जेफ्री क्रॉली त्यातले. १९६६ ते १९८७ या काळात ते ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फोटोग्राफी’ या साप्ताहिकाचे संपादक होते. डेव्हलपरची, म्हणजे फिल्मवरचं चित्र उमटवणाऱ्या द्रवाची, सूत्रंही ते छापायचे, ज्याला हवं त्यानं घरी मिसळावं. त्यांचा एफएक्स-३९ हा डेव्हलपर पूर्वी पॅटर्सन कंपनीच्या नावानं मिळायचा, आता ॲडॉक्स ही कंपनी त्याची ‘टू’ आवृत्ती विकते.

फोटोतली धार कुठून येते याची या माणसाला पक्की जाण होती. इंग्लंडमधल्या कॉटिंग्ले गावच्या दोन मुलींच्या ‘पऱ्यां’चे पहिले फोटो १९१७ चे. १९८२-८३ मध्ये त्यांवर लेखमाला लिहिताना क्रॉलींनी कॅमेराच तपासायला घेतला. छापील चित्रांतला रेखीवपणा त्या कॅमेऱ्यातून निघणं शक्य नव्हतं. पऱ्या शेवटी कागदाच्या निघाल्या, हॅटपिनांनी टोचून उभ्या केलेल्या.

आता बाटलीकडे. नेहमीचं प्रमाण १+९: ३५ मिमीच्या एका रोलला ३० मिली द्रव आणि २७० मिली पाणी, २० अंशांवर. एकदा वापरून ओतून द्यायचं, म्हणजे ५०० मिलीत सोळा रोल. वेळ फिल्मप्रमाणे बदलते, ती कंपनीच्या तक्त्यातूनच घ्या.

फिल्म धुवायची टाकी कशी हलवता यावर निम्मं यश आहे. उजळ आणि काळोख्या भागांच्या सीमेवर एका बाजूचा डेव्हलपर दमतो, शेजारी ताजा उरतो. त्यामुळे सीमेलगत गडद आणि फिकट अशी बारीक रेघ उमटते, आणि डोळ्याला तीच धार वाटते. टाकी सतत घुसळली की द्रव मिसळून ही रेघ पुसट होते. पहिली ३० सेकंद सतत, मग दर मिनिटाला टाकी तीन-चार वेळा सावकाश उलटी-सुलटी, एवढं बास. पण म्हणून टाकी ठेवूनच देऊ नका. फिल्ममधून बाहेर पडलेलं ब्रोमाइड खाली ओघळतं आणि फिल्मच्या कडेच्या स्प्रॉकेटच्या भोकांपाशी पट्टे दिसतात. प्रत्येक फेरीनंतर टाकी ओट्यावर हलकेच आपटा, नाहीतर बुडबुड्यांचे गोल डाग ठरलेले.

टी-मॅक्स १००, डेल्टा १०० यांसारख्या चपट्या दाण्याच्या (दाणा म्हणजे चित्र घडवणारे बारीक कण), कमी वेगाच्या, म्हणजे जास्त उजेड मागणाऱ्या, फिल्मवर हा डेव्हलपर खरा खुलतो. गवत, विटांचा पोत, लोकरीचा धागा अगदी सुटा दिसतो. ४०० वेगाच्या फिल्मवर मात्र दाणा उघडा पडतो, आकाश रवाळ दिसतं. माणसांच्या चेहऱ्यांसाठी दुसरं काहीतरी घ्या.

बाटली अर्धी झाली की आत हवा साठते आणि द्रव मरू लागतो. उरलेला माल छोट्या काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवा. शंका आली तर रोल घालण्याआधी कापलेला लीडरचा (रोलच्या सुरुवातीच्या टोकाचा) तुकडा उजेडातच तयार द्रावणात बुडवा. काही मिनिटांत तो काळाकुट्ट झाला नाही, तर त्यात रोल घालू नका.

निगेटिव्हवर गुलाबी झाक राहिली तर मात्र डेव्हलपरला दोष देऊ नका. चपट्या दाण्याच्या फिल्मना फिक्सर (चित्र पक्कं करणारा द्रव) जास्त वेळ लागतो. फिल्मचा कोरा तुकडा फिक्सरमध्ये स्वच्छ व्हायला जितका वेळ लागेल, त्याच्या तिप्पट ठेवा आणि मग भरपूर धुवा.