हायल्युरोनन मोजायचं किट: माल चांगला, पत्रक अपुरं

सलाइन चढवल्यावर आतड्याच्या लसिकेतून (ऊतींमधून निघून रक्ताकडे परतणाऱ्या द्रवातून) ऊतींमधलं हायल्युरोनन, म्हणजे पेशींमधल्या जागेतली लांब साखळीची शर्करा, किती वाहून जातं, हे उंदरांमध्ये मोजायला आम्ही हे ९६ वेलचं (प्लेटवरच्या छोट्या खळग्यांचं) किट वापरतो. यात नेहमीच्या अँटीबॉडीऐवजी कूर्चेतून काढलेलं, हायल्युरोननला घट्ट धरणारं प्रथिन आहे. हा रेणू सगळ्या सस्तन प्राण्यांत सारखाच असल्याने उंदरासाठी वेगळं किट शोधावं लागत नाही. स्टँडर्डचा (माहीत असलेल्या तीव्रतेच्या नमुन्यांचा) आलेख सुरेख येतो, एकच सॅम्पल दोनदा लावलेल्या वेलही जुळतात.

रडगाणं आहे ते किटसोबतच्या माहितीपत्रकाचं. ते लिहिलंय सीरमसाठी. रक्तातलं हायल्युरोनन यकृत काही मिनिटांत उचलतं, म्हणून सीरममध्ये ते नॅनोग्रॅममध्ये सापडतं. लसिका गाठींपर्यंत न पोचलेल्या लसिकेत ते कितीतरी जास्त असतं. पत्रकातलं डायल्यूशन (सॅम्पल किती पट पातळ करायचं ते) वापरलंत तर सगळी प्लेट सारखीच गडद पिवळी, म्हणजे आलेखाच्या वरच्या टोकापलीकडे! त्यात सलाइननंतर लसिका पातळ होते, म्हणजे आधीचं आणि नंतरचं सॅम्पल आलेखावर वेगवेगळ्या ठिकाणी पडतं. प्रत्येकाची निदान दोन डायल्यूशन लावाच. जनावर उपाशी नसेल तर चरबीच्या कणांनी लसिका दुधाळ होते आणि रीडिंग बिघडतं, याबद्दल पत्रकात अवाक्षर नाही.

किटचा आकडा म्हणजे नुसती तीव्रता, हेही कुणीतरी ठळक छापायला हवं. समजा, सलाइनआधी मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम आणि तासाला १ मिलिलिटर प्रवाह आहे. नंतर तीव्रता ८ वर आली, पण प्रवाह ३ झाला. प्लेट बघणारा म्हणेल, घटलं. प्रत्यक्षात तासाला १० च्या जागी २४ मायक्रोग्रॅम बाहेर पडतंय. आतड्याच्या भित्तीत जादा पाणी शिरलं की पेशींमधल्या जागेतलं सुटं हायल्युरोनन त्याच्याबरोबर धुऊन निघतं. त्यामुळे लसिका गोळा करायची नळी वजन केलेली हवी आणि वेळ टिपलेली हवी. ते नसेल तर महागडं किट घेऊनही तासाला किती हायल्युरोनन बाहेर पडतंय याबद्दल काही बोलता येणार नाही.

प्लेटच्या सुट्या निघणाऱ्या पट्ट्या मात्र झकास. पहिली पट्टी डायल्यूशन ठरवण्यात खुशाल घालवा, आणि एका जनावराची सगळी सॅम्पलं एकाच प्लेटवर लावा. पाचपैकी चार तारे.